काकीची कातडी

भुताखेतांवर माझा काडीचाही विश्वास नाही, हे आधीच सांगून टाकते. कुणी असला अनुभव सांगायला लागलं की मी पहिल्यांदा त्याला पोट साफ होतं का ते विचारते... डॉक्टर ना मी! त्यामुळे असल्या अनुभवांच्या या सदरात स्वतःचंच नाव बघून मलाच हसू येतंय. पण ही गोष्ट इतकी वर्षं माझी पाठ सोडत नाही. आणि हिच्यात भूत नाही, कातडी आहे.

साठच्या दशकाची सुरुवात. नागपूरला डॉक्टरकी शिकून मी आमच्या यवतमाळातच एका छोट्या दवाखान्यात लागले होते. बायकांचा वॉर्ड माझ्याकडे. आर्णीजवळच्या बंजारा तांड्यावरून केसरी नावाची दहाएक वर्षांची मुलगी आणली. चुलीपाशी तिच्या घागऱ्यानं पेट घेतला होता. दोन्ही पाय भाजलेले, डाव्या गुडघ्यामागची जागा तर पार सोलून निघालेली. ती तशीच उघडी राहिली असती तर आखडून पाय कायमचा वाकडा झाला असता.

मुलगी काटकुळी, तिच्याच अंगावरून कातडी काढायची तरी किती? म्हणून आमचे सर्जन सर म्हणाले, तात्पुरती दुसऱ्याची लावू. दुसऱ्याची टिकत नाही हे तेव्हाही ठाऊक होतं. दोनेक आठवडे जखम झाकते, मग शरीर तिला परकी म्हणून ओळखतं आणि टाकून देतं. टिकते ती फक्त हुबेहूब जुळ्या भावंडांत. पण तेवढ्या अवधीत मुलगी जरा सावरेल, मग तिचीच लावता येईल, असा विचार.

आई गोमली आणि काकी जमनी, दोघी पुढे आल्या.

"पयले माही घ्या बाई. पोरगी माही हाये," गोमलीनं मला बजावलं.

तिच्या दंडात कोपराच्या वर गच्च चुडा होता. नवरा असेपर्यंत तो उतरवत नाहीत, म्हणजे दंडावरची घेता येईना. मग बिचारीनं लाज गुंडाळून ठेवली आणि सरांपुढे मांडी दिली. जमनी विधवा, तिचा दंड मोकळा. मांडी उघडी करायला ती काही केल्या तयार होईना, म्हणून तिची दंडावरचीच घेतली — गोंदणाच्या तीन ठिपक्यांसकट. आईची उजव्या पायावर, काकीची डाव्या गुडघ्यामागे. एकाच दिवशी, एकाच टेबलावर.

पुढचं सगळं पुस्तकाबरहुकूम झालं... म्हणजे अर्धंच. दुसरा आठवडा संपता संपता गोमलीची कातडी सुजली, काळी पडली, ड्रेसिंगबरोबर निघून आली. जमनीची जागची हलली नाही. मऊ, जिवंत. आज पडेल, उद्या पडेल म्हणून मी रोज बघत होते. महिना गेला, दुसराही गेला, ठिपके तिथेच!

सर म्हणाले, "खालून मुलीचीच आली असेल. शाई राहते मागे."

असेल. पण आधीची पडताना कुणी पाहिली? ड्रेसिंग तर मीच करत होते. भाजल्यामुळे शरीराची परकं ओळखायची ताकद गेली म्हणावं, तर आईची कशी ओळखली? रक्ताचं नातं म्हणावं, तर जमनी दारव्ह्याकडच्या तांड्यातून लग्न होऊन आलेली. शेवटी मी तिलाच विचारलं.

"त्यात काय बाई?" ती सहज म्हणाली. "केसरी झाली तवा गोमलीले ताप धरला व्हता. दूधच नाही आलं. माहं लेकरू नुकतंच गेलतं. म्याच पाजलं तिले."

मी धावत सरांकडे गेले. ते हसून हसून बेजार. "दुधानं कातडी जुळत असती तर मी म्हशीची लावली असती की!"

गोमली मात्र माझ्या मागे लागली होती. "पुन्हा माही घ्या. दुसऱ्या मांडीची घ्या." मी समजावलं की एकदा टाकलेली कातडी शरीर लक्षात ठेवतं, त्याच माणसाची पुन्हा लावली तर आणखी लवकर टाकतं. मला काय माहीत, तिला ते कुठे लागेल! उजव्या पायाला पुढे केसरीचीच लावली.

हल्ली वाचते, दुधातून आईच्या पेशी बाळात जातात म्हणे, शरीराला त्यांची सवय होते... फार उत्सुकतेनं वाचते. पण दूध सुटल्यावर इतक्या वर्षांनी अख्खी कातडी टिकेल, असं त्यात कुणी म्हणत नाही.

केसरी घरी निघाली तेव्हा पाय सरळ होता. काकीचा हात धरून व्हरांड्यात चालत होती. गोमली माझ्यापाशी उभी राहिली.

"बाई, नऊ महिने पोटात व्हती थे. तवा माह्या आंगानं नाही टाकली तिले. मंग तिच्या आंगानं मले काहून टाकलं?"

परदेशातले मोठमोठे संशोधक तिच्या प्रश्नाच्या पहिल्या अर्ध्याशी झगडत होते, हे मला पुढे कळलं. तेव्हा मी आपली धीर द्यायला म्हणाले, "अगं गोमली, शरीराला आई-बिई काही कळत नाही."

तिनं व्हरांड्यातल्या त्या दोघींकडे बघितलं.

"कळते बाई," ती म्हणाली. "कळली ना तिले."