एकेचाळिसावे पान

त्या प्रकरणाची आठवण निघाली की आजही माझे डोके तापते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, पण भिंतीच्या लेपाने मला जेवढा वैताग आणला तेवढा कोणत्याही गुन्हेगाराने आणला नाही.

तेव्हा मी मालवण किनाऱ्यावरच्या एका ठाण्याचा प्रभारी होतो. गावात एका धर्मादाय संस्थेचा दुमजली दवाखाना होता, बांधून जेमतेम दोन वर्षे झालेली. भिंती जांभ्या चिऱ्याच्या. त्यांवर बाहेरून सिंथेटिक टेक्स्चर फिनिश, म्हणजे खरखरीत दिसणारा, प्लास्टिकसारखा पातळ थर. आषाढातल्या एका सकाळी वरच्या मजल्यावरच्या या थराचा दाराएवढा तुकडा आतल्या प्लास्टरसकट सुटला आणि खाली बाकावर नंबराची वाट पाहत बसलेल्या मासळी विकणाऱ्या बाईंवर पडला. त्यांचे कमरेचे हाड मोडले. जावयाने फिर्याद दिली आणि ठेकेदारावर निष्काळजीपणाने गंभीर दुखापत केल्याचा गुन्हा दाखल झाला.

ठेकेदार पन्नाशी उलटलेला, मूळचा गवंडी. दवाखाना बांधेपर्यंत त्याने गावातली घरेच बांधली होती. लोक त्याच्यावर इतके चिडले होते की त्याला ठाण्यात बसवून ठेवणेच सुरक्षित होते.

"कागदात लिवलेला तसाच मी केलंय, साहेबानू," एवढेच तो सांगत राहिला.

मी संस्थेकडून बांधकामाच्या कराराची प्रत जप्त केली. करारासोबत इमारतीच्या आर्किटेक्टने लिहिलेला कामाचा तांत्रिक तपशील जोडलेला होता. त्यात एकेचाळिसाव्या पानावर बाहेरच्या भिंतींबद्दल सगळे व्यवस्थित लिहिले होते. चिऱ्यावर आधी दोन थरांचे सिमेंट प्लास्टर करावे, ते भिजवून पक्के होऊ द्यावे, मग पूर्ण वाळू द्यावे. ओल तपासावी, प्रायमर मारावा, सांध्यांवर जाळी बसवावी. कठड्याचा माथा पाण्यापासून बंद करावा. नमुन्याचा तुकडा मंजूर झाल्याशिवाय पुढे जाऊ नये. ठेकेदाराने यातले काहीच केले नव्हते. एकच पातळ प्लास्टर, त्यावर थेट फिनिश. कागदाप्रमाणे माणूस सरळ सरळ दोषी होता.

हे पान मी त्याला वाचून दाखवले तेव्हा तो माझ्याकडे बघतच राहिला.

"इतक्या काय लिवलेला नव्हता. एकच ओळ होती."

"कोणती ओळ?"

"फिनिश कंपनीच्या सूचनेप्रमाणे करूचा, अशी कायतरी."

"तुमची प्रत कुठे आहे?"

"काम संपल्यार आर्किटेक्टांका परत दिलंय."

आरोपी असेच बोलतात, असे मी मनात म्हटले. दोषारोपपत्राचा मसुदा करायला घेतला. तेवढ्यात एका दुपारी ठाण्यात फोन आला. बाईचा आवाज होता, घाबरलेला.

"ते एकेचाळिसावे पान मी टाइप केले आहे. अपघातानंतर. मी आर्किटेक्टच्या ऑफिसात काम करते. माझे नाव विचारू नका." फोन बंद झाला.

मी जप्त प्रत पुन्हा काढली. सह्या फक्त पहिल्या आणि शेवटच्या पानावर होत्या, त्यामुळे मधले पान कोणीही घालू शकत होते. पाने उजेडाकडे धरून एकेक पाहिली. कधीतरी सगळी प्रत उसवून पुन्हा पिना मारल्या होत्या. प्रत्येक पानाला पिनांच्या भोकांच्या दोन जोड्या होत्या. एकेचाळिसाव्या पानाला एकच, म्हणजे ते नंतर घातलेले होते. संस्थेच्या सचिवांना विचारले तेव्हा कळले की अपघाताच्या दुसऱ्याच दिवशी आर्किटेक्ट ती प्रत "जरा बघायला" म्हणून घेऊन गेले होते.

आर्किटेक्टना बोलावले. शांत, नेटका माणूस. मी भोके दाखवली.

"जुने पान फाटले होते, म्हणून पुन्हा छापले. मजकूर तोच आहे," ते म्हणाले.

"जुने पान कुठे आहे?"

"फाटलेला कागद कोण ठेवतो?"

मी फिनिश बनवणाऱ्या कंपनीचे माहितीपत्रक मागवले. त्यात पहिल्याच परिच्छेदात लिहिले होते की पृष्ठभागाची तयारी आर्किटेक्टच्या तपशिलानुसार करावी. ठेकेदाराचे म्हणणे खरे मानले, तर आर्किटेक्टचा तपशील म्हणत होता कंपनीला विचारा आणि कंपनी म्हणत होती आर्किटेक्टला विचारा. मधल्या मध्ये भिंत. ते माहितीपत्रक मी टेबलावर इतक्या जोराने आपटले की बाहेरचा हवालदार आत डोकावला.

ठेकेदाराला पुन्हा समोर बसवले. "ती ओळ तुम्ही सोडून आणखी कोणी वाचली होती का?"

"माझ्या मेस्त्रीन. त्येका अर्थ कळाना, म्हणान त्येना पानाचो फोटो काढून आर्किटेक्टांका धाडलेल्यान."

 तीन आठवडे हा माणूस माझ्यासमोर बसत होता.

"हे आधी का नाही सांगितलेत?"

"तुमी इचारलास खंय?"

मेस्त्री कामासाठी गोव्यात गेला होता. हवालदार इन्सुलीच्या तपासणी नाक्यावरून जाऊन त्याला दुसऱ्या दिवशी घेऊन आला. फोन पंचांसमोर ताब्यात घेतला. फोटो होता. पान एकेचाळीस, बाहेरच्या भिंतींबद्दल एकच ओळ: "सिंथेटिक टेक्स्चर फिनिश किंवा समतुल्य, उत्पादकाच्या सूचनेनुसार." त्याखाली मेस्त्रीचा प्रश्न, चिऱ्यावर आधी काय करायचे. उत्तरात आर्किटेक्टने नुसते होकाराचे अंगठ्याचे चिन्ह पाठवले होते.

तो फोटो पाहिल्यावर आर्किटेक्टनी पाणी मागितले. मग कबूल केले की ती एक ओळ त्यांनी न वाचताच दुसऱ्या कुठल्यातरी इमारतीच्या कागदांतून उचलली होती. ती इमारत काँक्रीटच्या ब्लॉकची होती आणि घाटावर, कमी पावसात. फोन करणारी बाईही शेवटी येऊन जबाब देऊन गेली.

ठेकेदाराला मात्र मी मोकळे सोडले नाही. "तुम्ही गवंडी. तुम्हाला कळत नव्हते?"

"कळत होता. चिरो पाणी पिता. वरसून ह्यो थर रबरासारखो. आत गेलेला पाणी भायर खंयसून येतला?" तो खाली बघत म्हणाला. "पण उद्घाटनाचो दिवस ठरलेलो. आणि येवढा मोठा काम माका पयल्यांदाच गावलेला."

दोघांवरही दोषारोपपत्र गेले. पुढे दोघांनाही शिक्षा झाली, आर्किटेक्टना बनावट कागद केल्याची जास्त.

पण मला सांगायचे आहे ते त्याआधीचे. फोन जप्त केला त्या दुपारी मी जखमी बाईंचा पुरवणी जबाब घ्यायला त्यांच्या घरी गेलो. त्या खाटेवर पडून होत्या. मी जरा अभिमानानेच पान कसे पकडले ते सांगितले. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"कागद कोणी बदल्ल्यान ता तुमी बघा. माका एकच सांगा. मागल्या भितीखाली लोका अजून लायनीत उभी रवतत. ती भित कोणी बघल्यान?"

मी जीपमध्ये येऊन केस डायरीतला पंचनामा उघडला. घटनेच्या दिवशीचा, माझ्या सहीचा. त्यात स्पष्ट लिहिले होते: "मागील भिंतीवर ठोकून पाहिले असता जागोजागी पोकळ आवाज येतो." म्हणजे तिथलाही थर सुटू लागला होता. मी ते लिहून घेतले होते, वाचून पंचांच्या सह्या घेतल्या होत्या आणि पान उलटले होते. तीन आठवडे त्या भिंतीखाली रोज रुग्ण रांगेत उभे होते.

दवाखान्यात जाऊन रांग हलवली, दोरी बांधली, शिपाई उभा केला. चौथ्या दिवशी संस्थेने माणसे लावून तो थर उतरवला. बराचसा नुसत्या हाताने ओढताच खाली आला.

त्यानंतर निवृत्तीपर्यंत मी एक सवय पाळली. पंचनाम्यावर सही करण्यापूर्वी तो पुन्हा एकदा वाचायचा आणि त्यात आजच करण्यासारखे काय आहे ते स्वतःला विचारायचे. त्या आर्किटेक्टवर मी खूप चिडलो होतो. त्याने न वाचता एक ओळ लिहिली होती. मी तर माझी ओळ लिहून, वाचून पान उलटले होते.