डाव्या दाराने उतरलेला ड्रायव्हर

त्या घाटातला अपघात मी विसरलेलो नाही, आणि विसरणारही नाही. तेव्हा मी घाटाच्या पायथ्याच्या ठाण्याचा प्रभारी होतो. उतारावरच्या वळणावर एका मोटारीने दुचाकीस्वाराला उडवले. बिचारा जागीच गेला. मोटार उलव्यातल्या एका बड्या बिल्डरची होती. पंचनामा उरकून ठाण्यात येतो, तर त्यांचा ड्रायव्हर हात जोडून उभा.

"साहेब, गाडी मीच चालवत हुतो."

मालकाचे चिरंजीव बाहेर निवांत फोनवर बोलत होते. ही आयती मिळालेली कबुली मला पचली नाही.

दुसऱ्या दिवशी ड्रायव्हरची बायको उलव्याहून आली. मूळची साताऱ्याकडची. रडली नाही, माझ्यासमोर ताठ उभी राहिली.

"त्यो खोटं बोलतोय, साहेब. ऱ्हाती खोली मालकाची हाय, म्हणून. खोली गेली तर जाऊ दे, पर न केल्याची जेल न्हाई! देवीला नारळ ठेवल्याबिगर त्यो घाट उतरत न्हाई. तितं इचारा."

घाटमाथ्यावरच्या देवळात मी स्वतः गेलो. अपघाताचे वळण तिथून दिसते. नारळवाल्या बाईला ड्रायव्हरचा फोटो दाखवला.

"आला हुता की. डाव्या दारानं उतरला, नारळ ठेवून तिकडनंच बसला. गाडी चालवणारा पोरगा सारखा हॉर्न मारत हुता. खाली गेली न् लगेच आवाज झाला."

चिरंजीवांना समोर बसवले.

"सर, मी तर मागे झोपलो होतो."

"असणारच. हा घाट तुम्हाला कुठला झेपायला!"

"काय बोलता सर? आल्प्सचा घाट मारलाय मी. हा तर टाइमपास आहे!"

"मग झोपेत हॉर्न कोण वाजवत होतं?"

साहेबजाद्यांचा चेहरा उतरला. नारळवाल्या बाईचा जबाब कळल्यावर ड्रायव्हरही बायकोच्या बाजूला येऊन उभा राहिला आणि खरे बोलला.

संध्याकाळी बिल्डरचा फोन आला. "साहेब, पोराचा करिअर हाय. तुमची बदली कुठंपन होऊ शकते."

"बॅग भरून ठेवतो," मी म्हणालो. "आरोपी तुमचा मुलगाच राहील."

कबुली आयती मिळाली की तपास दुप्पट करायचा, हे मी त्या गुन्ह्यात शिकलो. आणि घर जाणार हे माहीत असूनही बोलणारी बाई समोर असेल, तर वर्दीतल्या माणसाने बदलीला भिणे लाजिरवाणे आहे.

बदली झालीच. सामान घेऊन त्याच घाटाने निघालो. माथ्यावर थांबलो, उजव्या दाराने उतरलो आणि देवीला नारळ ठेवला. गाडी मीच चालवत होतो.