आधी चेहरा दाखवा

जूनचा पहिला सोमवार, सकाळी अकरा. संगणक प्रयोगशाळा, कराड. हजर: मी, सांगलीहून आलेली सुप्रिया आणि तिच्याबरोबरचे चौघे नवे विद्यार्थी. गैरहजर: चौगुले सर. ते एप्रिलमध्ये वारले. तरी त्यांचं नाव लिहावंच लागतं, कारण आजचं सगळं काम त्यांच्यापाशीच अडलं आहे.

आमच्याकडे ग्रिड आहे, म्हणजे निरनिराळ्या कॉलेजांचे संगणक जोडून एकत्र वापरायची सोय. त्यात शिरायला नव्या माणसाला प्रमाणपत्र लागतं आणि त्याआधी कुणीतरी त्याला समोर पाहून ओळख पटवावी लागते. हे काम सरांचं; ओळख पटवणारे अधिकारी ते एकटेच. "व्हिडिओवर बघा ना," मी म्हणायची. "आवं मॅडम, काचेतला माणूस कसला बघायचा? येऊ दे की एसटीनं." पोरं भिजत यायची. मी चिडायची. सर चहा मागवायचे.

चेहरा पाहून झाला की पोराला शेजारी बसवायचे आणि एका ओळीचं काम पाठवायला लावायचे: ग्रिडवरून स्वतःचं नाव छापून आणायचं. नाव परत आलं की विचारायचे, "कुठं गेलतं, कळलं का? आता मोठं पाठव."

एकानं ही पायरी गाळली आणि भलंमोठं गणित प्रवेशाच्या संगणकावरच सुरू केलं, जिथून कामं फक्त पुढे पाठवायची असतात. सगळ्यांचीच कामं ठप्प. सर त्याच्या खुर्चीमागे जाऊन उभे राहिले. "तुझ्या बाचा ऊस कारखान्याला जातो न्हवं? मग गेटवरच गाळत्यात व्हय रं? नंबर लाव गड्या. गव्हाणीत पडला की गळंल." प्रयोगशाळा हसली. ती चूक पुन्हा कुणी केली नाही.

पण हे सगळं त्यांच्या डोक्यात. मी किती वेळा म्हटलं, सर, लिहून ठेवा, जोडीला दुसरा अधिकारी नेमा. उत्तर ठरलेलं: "मी हाय की."

आता नाहीत. नियम असा, की नव्या अधिकाऱ्याची ओळख जुन्यानं समोरासमोर पटवायची. वरच्या कार्यालयाला मी पुन्हा पुन्हा लिहिलं. दर वेळी एकच उत्तर येतं, जुन्या अधिकाऱ्याची संमती जोडा. कुठून जोडू?

सुप्रियाचं गणित कृष्णेच्या पुराचं आहे. पाणी सांगलीत कुठल्या गल्लीपर्यंत चढेल, हे पाऊस वाढायच्या आत तिला काढायचंय. तिच्या घरच्या संगणकावर ते दिवाळीपर्यंत चालेल.

"मॅडम, आम्ही एसटीनंच आलो," ती म्हणाली. "चेहरा कुणाला दाखवायचा?"

मला राग आला, आणि तो सरांवरच आला. मग पाचही जणांना शेजारी बसवलं. प्रत्येकाकडून एका ओळीचं काम लिहून घेतलं, स्वतःचं नाव छापण्याचं. चहाही मागवला.

पाचही कामं तयार आहेत. पाठवायची बाकी.