राखणदाराच्या आईच्या शेळ्या

आता मी शहरात, पुंडलिकनगरात भाड्याच्या खोलीत राहतो. आमचं गाव पैठणकडच्या रस्त्यानं आत. गावात पाणलोटाचं काम किती छान झालं, असं कुणी कौतुकानं सांगायला लागलं की मला बसल्या जागी थकायला होतं. काम खरंच चांगलं झालं होतं. वाईट झालं असतं तर निदान शिव्या तरी घालता आल्या असत्या.

डोंगराच्या उतारावर चर खोदले, ओढ्यावर दगडी बांध घातले, रोपं लावली. ग्रामसभेनं चराईबंदी केली. तीन पावसाळे डोंगराला जनावराचं तोंड लागू द्यायचं नाही. गवत माती धरील, माती पाणी धरील आणि खालच्या विहिरी भरतील. विहिरी बागायतदारांच्या होत्या. वाडीतल्या आम्हा धनगरांच्या आठ-दहा घरांना स्वतःची विहीर नव्हती आणि शेतही नव्हतं, होता तो डोंगरच.

राखणदार म्हणून सरपंचांनी मला निवडलं. चोराच्या हाती किल्ल्या दिल्या म्हणजे चोरी थांबते, असं ते म्हणाले आणि सभा हसली. मीही हसलो. मला डोंगराची वाट न् वाट ठाऊक होती, आणि पगार हवा होता.

आई घरीच होती त्या दिवशी. तिला सांगितलं. वडील गेल्यापासून तिच्या सात शेळ्यांवर घर चाललं होतं. माझी शाळा, बहिणीचं लग्न, सगळं त्यांनीच ओढलं. बंदी असताना तिनं त्यांना घालायचं तरी काय, हे मी विचारलं नाही आणि तिनंही तो विषय काढला नाही.

पहिल्या दोन महिन्यांत चुलत्याची मेंढरं मी दोनदा कोंडवाड्यात घातली. आईच्या शेळ्या मागच्या खोऱ्यात शिरल्या की मात्र मी डोंगराच्या पुढच्या अंगाला चक्कर मारायला जायचो. आपण लई हुशार, असं मला वाटत होतं. एका संध्याकाळी चुलता दारात आला आणि शेंडा खुडलेलं रोप माझ्यापुढं टाकलं. मेंढरू खाली मान घालून चरतं. मागच्या पायांवर उभी राहून शेंडा खाते ती शेळीच, आणि वाडीत शेळ्या फक्त आमच्या. धनगराचं पोर असून मी हे विसरलो होतो.

"आमची मेंढरं गवत खात्यात, आन तुझ्या आईच्या शेळ्या वारा खात्यात व्हय?" तो म्हणाला.

कुंपणानंच शेत खाल्लं होतं. मला फार लाज वाटली. लाज चोरीची होती की पकडले गेल्याची, ते आजही नक्की सांगता येत नाही.

दुसऱ्या दिवशी मी मागच्या खोऱ्यात गेलो. आई हिवराखाली बसली होती. मला येताना बघून ती जरा सरकली आणि मला बसायला सावलीत जागा केली. मी बसलो नाही. काठी उगारायची वेळच आली नाही. लहानपणापासून हाक घालायचो तशी घातली आणि सातही शेळ्या मुकाट माझ्यामागं आल्या. कोंडवाड्यापर्यंत आई लांबून चालत होती.

तिनं दंड भरला, शेळ्या सोडवल्या आणि पुढच्या बाजारात सगळ्या विकून टाकल्या. दोन तरी ठेव, मी गवत कापून आणीन, असं मी परोपरीनं सांगितलं. कापायला बंदी नव्हती. खुंट्याला बांधून शेळी जगत नाय, एवढंच ती म्हणाली आणि खुरपायला जाऊ लागली. खालच्या मळ्यांत आता रोज काम होतं.

तिसऱ्या वर्षी वाडीजवळच्या जुन्या सरकारी आडालासुद्धा भर चैत्रात पाणी राहिलं. पूर्वी उन्हाळ्यात तो आटला की आई शेळ्या घेऊन पार धरणाच्या पाण्यापर्यंत जायची, यायला दिवस कलायचा. मला मनापासून आनंद झाला होता. तिला हाताला धरून आडावर नेलं. आता धरणापर्यंत पायपीट नाही, दारात पाणी आलं, असं मी तिला सांगत सुटलो.

तिनं वाकून आत बघितलं.

"व्हय, पाणी लई हाय," ती म्हणाली. "आता पाजू कुणाला?"