उंदरांच्या दोन खोल्या

“आधी धडधाकट, मग आजारी, आणि मागे वळायचं नाही,” असं मावशी उठता-बसता म्हणायची. घरात कुणाला ताप आला तरी ती याच क्रमानं ताटं वाढायची. नवरा चिडवायचा, “अगं, आम्ही काय तुझे उंदीर आहोत?”

“उंदीर पानात काही टाकत नाहीत,” ती म्हणायची.

प्रयोगशाळेतले उंदीर सांभाळणं हे तिचं काम. दोन खोल्या, मध्ये बोळ. अलीकडे निरोगी उंदीर, पलीकडे डॉक्टरबाईंनी पंजात जंतू टोचलेले. मावशी अलीकडून सुरुवात करायची, पिंजऱ्यांतला भुसा बदलायची, पाण्याच्या बाटल्या भरायची, मग पलीकडे जायची आणि तिथूनच बाहेर पडायची. पलीकडच्यांचा आधी पंजा लाल व्हायचा, मग घोटा फुगायचा. पुढे जंतू रक्तातून फिरत दुसऱ्या पायाचा सांधा गाठायचे.

“जंतू मूठभरच असतात, मावशी,” बाई सांगायच्या. “त्यांना हाकलायला शरीर जी धावाधाव करतं ना, तिचीच ही सूज.”

मावशीला ते लगेच पटलं. तिच्या घरी एक पाहुणा आला तरी असंच व्हायचं.

एका संध्याकाळी पलीकडचं काम आटोपताना तिला आठवलं, अलीकडच्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्याला बाटली लावायची राहिली. मुके जीव रात्रभर तहानेले राहणार. हातमोजे बदलून ती मागे वळली. अंगातला डगला मात्र तोच राहिला.

काही दिवसांनी त्याच पिंजऱ्यातले पंजे सुजले. बाईंना आनंद आवरेना. “न टोचता, न शिवता! म्हणजे हे जंतू हवेतून जातात. मावशी, मोठ्या सभेत मांडणार मी हे!”

मावशीला आपला न बदललेला डगला आठवला. तिची थोरली जाऊ तिथेच पिंजरे धुवायची. तिनंच ही नोकरी लावून दिली होती. मावशीनं सगळं सांगितल्यावर ती म्हणाली, “तोंडाला कुलूप घाल. नोकरी गेली तर खाशील काय, भुसा?”

“अहो जाऊबाई, त्या सभेत बाई खोटं बोलतील, आणि ते खोटं माझं असेल.”

सकाळी ती बाईंसमोर उभी राहिली. “हवेतून नाही गेलं ते. पलीकडचा भुसा माझ्या बाहीला होता. मी मागे वळले होते.”

बाई खुर्चीत बसल्या.

“सगळं पहिल्यापासून करावं लागेल, मावशी.”

“ठाऊक आहे.”

“आणि तुम्हाला आता इथं ठेवता येणार नाही.”

मावशीनं किल्ली टेबलावर ठेवली. डगला काढून मळक्या कपड्यांच्या टोपलीत टाकला, कोपरापर्यंत हात धुतले. “त्या कोपऱ्यातल्या पिंजऱ्याची बाटली गळते. बदलून घ्या,” एवढं सांगून ती निघाली.

फाटकापर्यंतचा रस्ता सरळ होता. धुण्याच्या खोलीच्या खिडकीतून थोरली जाऊ ओल्या हातांनी बघत होती. हाक ओठांवर आली होती, पण मावशीला मागे वळायला लावणं जावेच्या जिवावर आलं.