साक्षीची पहिली रायफल

नायक दत्ताराम मोरे आणि मी एकाच तालुक्यातले. तो आंबेनळी घाटाखालच्या वाडीतला, मी कापडे गावचा. भरती वेगवेगळ्या वर्षांची, पण पलटण एक आणि शेवटी पोस्टही एकच, काश्मीरमध्ये नियंत्रण रेषेवर. तेव्हा मी लान्सनायक होतो.

पहाटे स्टँड-टू, म्हणजे हत्यार घेऊन मोर्च्यात सज्ज राहणं, मग शस्त्रांची सफाई, खालून पाणी आणि रेशन आणणं, अंधार पडताना पुन्हा स्टँड-टू. दत्ताराम पलटणीच्या फायरिंग टीममधला. नवा जवान आला की त्याचा खांदा, मान, हाताची लांबी आधी बघायचा. सरकारी रायफल सगळ्यांना सारखीच. त्यामुळे तो जवानाची पोझिशन दुरुस्त करत बसायचा. कोपर सरकव, गाल टेक, श्वास सोड. मला म्हणायचा, "बंदूक अंगाला बसली नाय, तर नेम कसला लागतोय रे?"

त्या सकाळी आमची गस्तीची तुकडी परत येत होती. नाल्यात उतरलो आणि समोरच्या कड्यावरून फायर आला. आमच्यातल्या सगळ्यात लहान शिपायाच्या मांडीत गोळी गेली. मी वायरलेस सेटवर बोललो, "एक जखमी. कव्हर पाहिजे. ओव्हर."

"मदत निघाली आहे. होल्ड करा. ओव्हर."

होल्ड करायला आडोसा नव्हता. दत्ताराम एका दगडामागे आडवा झाला.

"तू पोराला ने."

"आणि तू?"

"मी हाय."

मी पोराला ओढत नेलं. मागे दत्तारामची रायफल ऐकू येत होती. एकेक गोळी, मोजून. आम्ही वळणाआड पोचलो आणि ती थांबली. मदत पोचली तेव्हा त्याचा गाल रायफलीवर टेकलेलाच होता. पोरगा जगला. आज त्याला दोन मुलं आहेत.

दत्तारामच्या मागे सुनंदावहिनी आणि रांगणारी साक्षी.

साक्षी आता महाडला नववीत आहे. तिथल्या एका छोट्या क्लबात दहा मीटरची एअर रायफल चालवते. क्लबची रायफल जुनी, सहा मुलांत एक. तरी तिचे छर्रे एका जागी पडायचे. मी हवालदार होऊन निवृत्त झालो, गावी आलो. प्रशिक्षकांनी मला सांगितलं, "हिला स्वतःची रायफल हवी."

ही बातमी आमच्या भागातल्या एका पुढाऱ्यापर्यंत गेली. त्यांना सगळे भाऊ म्हणतात. भाऊंनी दत्तारामच्या स्मृतिदिनी मांडव घातला. बॅनरवर भाऊ कमरेपर्यंत, दत्ताराम पासपोर्टएवढा. टाळ्यांत साक्षीच्या हातात रायफल दिली. काळी, लांब, वर दुर्बीण लावलेली. नळी खाली वाकवून भरायची, जबर स्प्रिंगची. शेतातल्या डुकराला भिववायला ठीक. इतकी जड की फोटो संपायच्या आतच पोरीने दस्ता कमरेला टेकवला.

मी स्टेजवर जाऊन भाऊंच्या कानात सांगितलं, "ही नेमबाजीची रायफल नाही. बदलून घेऊ."

भाऊ हसले. "फौजी, सगळ्यात पावरफुल घेतली हाय."

त्यानंतर त्यांचा कार्यकर्ता दर आठवड्याला क्लबात यायचा. पोरगी भाऊंचीच रायफल चालवते ना, याचा व्हिडिओ काढायचा. स्प्रिंगच्या धक्क्याने साक्षीच्या खांद्यावर हिरवंनिळं उठलं. छर्रे कागदभर विखुरले. तिने मला काही सांगितलं नाही. भाऊंना दुखावलं तर आईला अडचण होईल, असं तिला वाटायचं.

जिल्ह्याच्या चाचणीत तपासणीच्या टेबलावर तिला अडवलं. या प्रकारात दुर्बीण चालत नाही. पंचांचं बरोबर होतं. साक्षी रायफल घेऊन बाहेर आली. कार्यकर्ता मोबाइल धरून उभाच होता. म्हणाला, "एवढी महागाची बंदूक दिली, पोरीत दम पायजे ना!"

मी त्याची कॉलर धरली. आजही मला त्याचं वाईट वाटत नाही. जो दुसऱ्याच्या पोरासाठी दगडामागे एकटा थांबला, त्याच्या पोरीत दम नाही म्हणे! सुनंदावहिनींनी माझा हात सोडवला.

"भावजी, सोडा त्याला. चला माझ्यासंगं."

आम्ही थेट भाऊंच्या ऑफिसात गेलो. वहिनींनी रायफल टेबलावर ठेवली.

"ही ठेवा. आणि ह्यांचा फोटो पुन्हा तुमच्या बॅनरवर लावायचा नाय."

"वहिनी, गैरसमज झालाय..."

"नाय झाला."

पुढच्या रविवारी आम्ही तिघं एसटीने पुण्याला गेलो. दुकानदाराने सगळ्यात चकचकीत रायफल पुढे केली. मी म्हटलं, "आधी हिला बघा." त्याने साक्षीला दोन्ही तळव्यांमध्ये फट करून भिंतीवरचं घड्याळ बघायला लावलं, मग एकेक डोळा मिटायला सांगितलं. उजवा मिटला तरी घड्याळ दिसत होतं. म्हणजे नेमाचा डोळा डावा. इतके दिवस पोरगी चुकीच्या खांद्याशी भांडत होती आणि हे कुणीच तपासलं नव्हतं. मला पुन्हा राग आला.

"काका, बाबा कुठल्या डोळ्याने नेम धरायचे?"

"डाव्या."

तिने उजवा डोळा मिटून पुन्हा घड्याळ बघितलं. वहिनी दुकानाच्या दाराकडे बघत राहिल्या.

मग मुलांच्या मापाची घेतली. हवेच्या सिलिंडरवर चालणारी, म्हणून धक्का नाही. वजनाला हलकी. दस्ता मागेपुढे होणारा, गालाची पट्टी वरखाली होणारी आणि डावीकडे लावता येणारी. दुर्बिणीऐवजी बारीक भोकाची पीप साइट. साक्षीने ती धरली, डोळे मिटले, मान सैल सोडली, डोळे उघडले. नळी हलली नव्हती.

"बसली," ती म्हणाली.

पहिल्या स्पर्धेत पदक आलं नाही. दत्तारामने तिची पोझिशन बघितली असती, एवढंच मनात आलं. त्या दिवशी रेंजवर लाऊडस्पीकरवरून नावं पुकारत होते.

"साक्षी दत्ताराम मोरे. लेन सहा."

मी खुर्चीतून उठून सावधान उभा राहिलो. शेजारी वहिनीही उठल्या.