तळाची ओळ

दादा गेल्यावर त्याचा लिनक्सवाला कॉम्प्युटर माझ्याकडे आला. आज त्यातले फोटो शोधायला बसले. त्यासाठी टाइप करायची कमांड नीट आठवेना, म्हणून तिचं मॅन्युअल स्क्रीनवर उघडलं. निम्मं डोक्यावरून गेलं आणि नेहमीसारखंच त्या पानातून बाहेर पडता येईना.

माझ्या कॉम्प्युटरवरही त्यानेच लिनक्स घातलं होतं; अडकले की दर वेळी मी दादाला फोन लावायची. "परत अडकले रे."

"अगं बये, क्यू दाब!" तो वैतागायचा. मग तासभर इकडचं तिकडचं बोलणं व्हायचं.

आज सवयीने फोन उचलला आणि ठेवून दिला. माणूस हाकेच्या अंतरावर असला की आपण पान पुरतं बघतही नाही. पहिल्यांदाच तळाशी नजर गेली. बाहेर पडायला क्यू दाबा, असं तिथे इंग्रजीत स्पष्ट लिहिलेलं होतं. प्रत्येक पानावर असतं.

इतक्या वर्षांत दादाने ती ओळ मला एकदाही दाखवली नव्हती. का, ते आता कुणाला विचारू?